थांबलेल्यांची पंगत

तिहुआनात टाको उभ्यानं खातात. पाय थोडे फाकवायचे, कमरेतून पुढे वाकायचं, मान तिरकी करायची आणि कोपर अंगापासून लांब धरायचं. नाहीतर साल्सा मनगटावरून ओघळत थेट बाहीत शिरतो. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला रस्त्याकडेच्या गाडीभोवती माणसं अशी वाकून उभी असतात. कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या बाया असतात, सोडलेला टाय खिशात कोंबलेला एखादा वकील असतो, आईच्या पदराइतक्याच भरवशानं तिच्या जॅकेटचं टोक धरून उभं राहिलेलं पोर असतं. बोलणं फारसं होत नाही. लिंबू पिळण्याचा, बारीक चिरलेल्या कांद्यात चमचा बुडण्याचा आणि सुरी घासल्याचा आवाज, एवढंच. वाकलेल्या माणसांच्या त्या कोंडाळ्यात शिरून जागा मिळवली की मला फार बरं वाटतं. तिथे कुणी पाहुणा नसतो.

टाकोवाल्यासमोर उभ्या सळईवर डुकराच्या मांसाचे पातळ काप एकावर एक रचलेले असतात. सुक्या लाल मिरच्यांच्या वाटणात मुरलेले, बाहेरून करपत आलेले. माथ्यावर अख्खा सोललेला अननस खोचलेला. सळई विस्तवासमोर फिरते, चरबी खाली उतरते, आणि टाकोवाला डाव्या हातात तोर्तिया धरून उजव्या हातानं वरून खाली सुरी ओढतो. काप अलगद तोर्तियात पडतात. मग मनगटाला एक झटका, आणि अननसाची फोड हवेतून येऊन बरोबर त्यांच्यावर बसते. मेक्सिकोत इतरत्र याला ‘आल पास्तोर’ म्हणतात, इथे ‘आदोबादा’. ही उभी सळई आली लेबनॉनकडून. ऑटोमन राजवट सोडून निघालेल्या लेबनीज लोकांनी ती मेक्सिकोत आणली. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाला बदलला, रोटीच्या जागी मक्याची तोर्तिया आली. विस्तव मात्र तसाच, बाजूनं लागणारा.

आम्ही सॅन दिएगोत राहतो. शहराच्या मध्यातून जाणारी निळी ट्रॉली सॅन इसिद्रोला संपते आणि तिथून पायी थोडंसं चाललं की माणूस दुसऱ्या देशात, मेक्सिकोतल्या तिहुआनात. वाटेत एक उंच लोखंडी फिरतं फाटक लागतं, एकाच दिशेनं वळणारं. ढकललं की पाठीमागे खडखडत बंद होतं. पलीकडे पासपोर्टवर ओझरती नजर टाकतात आणि सोडतात. परतताना मात्र तास-दोन तास रांगेत उभं राहावं लागतं. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सरहद्दींपैकी ही एक. इथून रोज हजारो माणसं अमेरिकेत कामाला आणि शाळेत जातात, पहाटे तीनला उठून रांग धरतात. आणि हजारो माणसं अशी, ज्यांना रांगेत उभं राहण्याचीही परवानगी नाही. ती मेक्सिकोच्या बाजूला थांबलेली असतात. कुणी महिनाभर, कुणी आयुष्यभर.

या भागात जसजसं खात गेले तसतसं एक मनात पक्कं होत गेलं. इथली चव अडलेल्या माणसांनी घडवली आहे. जायचं होतं एकीकडे, वाट अडली, मग जिथे अडली तिथेच चूल मांडली.

तिहुआनाच्या आव्हेनिदा रेव्होलुसियोन या रस्त्यावर ‘सीझर्स’ नावाचं जुनं उपाहारगृह आहे. काळं-तपकिरी लाकूड, पांढऱ्या चादरी, भिंतींवर जुने फोटो. इथली सीझर सॅलड सगळ्या जगात गेली, पण तिचा रोमन सम्राटाशी काहीही संबंध नाही. सेझारे कार्दिनी हा इटलीहून आलेला माणूस सॅन दिएगोत राहत होता. 1920 साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि वाइनशिवाय इटालियन जेवण वाढायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. त्यानं चूल सरहद्दीपलीकडे हलवली. 1924च्या 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, भटारखान्यातलं सामान संपत आलं आणि उरल्यासुरल्यातून त्यानं ही सॅलड जुळवली, अशी तिची कथा सांगतात.

आजही ती तुमच्या टेबलाशीच करतात. वाढपी लाकडी चाकगाडी घेऊन येतो. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळपट झालेला लाकडी वाडगा, त्यात लसूण आणि खारवलेले अँकोव्ही मासे. लाकडी चमच्याच्या पाठीनं तो ते वाडग्याच्या भिंतीवर रगडतो. घाई अजिबात नाही. मोहरीचं वाटण, अंड्याचा बलक, लिंबाचा रस, वूस्टरशर सॉस, मिरपूड, किसलेलं पार्मेझान. मग ऑलिव्हचं तेल, बारीक धारेनं, हात गोल फिरत असताना. मिश्रण आळत जातं, चमच्यामागे रेघ राहायला लागते, तेव्हा रोमेन लेट्यूसची लांब, अख्खी पानं त्यात लोळवतो. चिरत नाही. शेवटी पावाची एक कुरकुरीत चकती. मूळ रिवाज पान देठाशी धरून हातानं खाण्याचा. मी तसंच खाते. बोटांना लागलेला तो लसणाचा आणि चीजचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं.

आई वर्ध्याहून आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा तिलाही पलीकडे नेलं. तिच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता आणि तेवढ्यावर मेक्सिको आत घेतं. आई मांस-मासे खात नाही, वाइन पीत नाही. तिला कंटाळा येईल अशी मला धास्ती होती. पण मेर्कादो इदाल्गोत शिरलो आणि तिनं माझा हातच सोडून दिला.

हा बाजार मोठा छान आहे. मधोमध गाड्या लावायचं आवार आणि चारी बाजूंनी दुकानं. छताला रंगीत कागदी पिन्याता टांगलेल्या, खाली पोत्यांत सुक्या मिरच्या: आंचो रुंद आणि सुरकुतलेली, ग्वाहियो लांब आणि तुकतुकीत, पासिया जवळजवळ काळी. मोले नावाच्या रश्श्याच्या वाटणाचे तेलकट डोंगर. आई एका पोत्याशी थांबली, मूठभर गडद लाल सुकलेली बोंडं उचलून नाकाशी नेली.

“अगं, ही तर अंबाडी!”

अंबाडीच होती, लाल अंबाडी. तिचं थंड, आंबट, माणकासारख्या रंगाचं पाणी इथे प्रत्येक टाकोच्या गाडीवर काचेच्या मोठ्या बरणीत असतं, ‘आग्वा दे हामाइका’ म्हणून. शेजारच्या बरणीत चिंचेचं पाणी. पुढच्या दुकानात बाई फड्या निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीनं सपासप उडवत होती. भाजीसाठी. बाजूला त्याचीच लाल बोंडं रचलेली. “आम्ही लहानपणी ही शेताच्या कुंपणावरची काढून खायचो, जीभ लाल व्हायची,” आई म्हणाली, आणि त्या बाईला आपली जीभ बाहेर काढून दाखवली. बाई खळखळून हसली, एक बोंड सोललं आणि आईच्या हातावर ठेवलं.

अंबाडी आणि चिंच समुद्रापलीकडून मेक्सिकोत आली. मिरची, निवडुंग, पेरू, चिकू, सीताफळ, मका अमेरिका खंडातून भारतात गेले. फिलिपीन्सहून आकापुल्कोला जाणारी स्पेनची जहाजं 1565पासून अडीचशे वर्षं पॅसिफिक ओलांडत होती आणि दुसऱ्या बाजूनं पोर्तुगीजांची जहाजं गोव्याला लागत होती. हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण आईच्या तळहातावर ते फोडलेलं लाल बोंड आणि त्यातल्या काळ्या बिया पाहिल्या तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

बाजाराच्या कोपऱ्यात तोर्तियांचं दुकान आहे. तिथे आईनं विचारलं, मका दळायच्या आधी इतका मऊ कसा? चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मी सांगितलं. रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, टरफलं सुटतात, मग वाटतात. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही रीत मागेच राहिली, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा कुपोषणाचा आजार पसरला. आई गरम तोर्तिया दोन्ही तळव्यांत धरून उभी होती. म्हणाली, “आमच्या खानखोज्यांना हे ठाऊक असणार.”

पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव अजून माहीत आहे. गदर चळवळीतला क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेला. इंग्रजांनी मायदेशाची वाट बंद केली, तेव्हा देशोदेशी लपतछपत हा माणूस 1924 साली मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. दिएगो रिव्हेरानं शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या ‘आपली रोजची भाकर’ या भित्तिचित्रात त्यांना पंगतीच्या मधोमध बसवलं. शेवटी ते परत आले आणि 1967 साली नागपुरात वारले. पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेक्सिकोच्या मक्याला दिली. तेही अडलेलेच.

तिहुआनाहून दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेनं रस्ता एन्सेनाडाला जातो. डोंगर कापून काढलेला, टोलचा, अतिशय देखणा. एन्सेनाडाची मासळीबाजाराची गल्ली, तिथला पिठात बुडवून तळलेल्या माशाचा टाको, वर चिरलेला कोबी आणि पांढरी क्रीम, हे सगळं आहेच. पण माझा जीव अडकतो तो ‘ला गेरेरेन्से’ नावाच्या गाडीवर. साबिना बांदेरा ही बाई दूरच्या गेरेरो राज्यातली. तिच्या गाडीवर कडक तोर्तियेवर समुद्री साळिंदराचा केशरी गर आणि वर चिरलेले तिसरे घालून देतात. समोर बाटल्यांची रांग, त्यात शेंगदाणे आणि मिरच्या तेलात परतून केलेली तिची चटणी. पहिल्या घासाला समुद्राचं गार खारं पाणी तोंडात येतं, मागोमाग खमंग शेंगदाणा, आणि तिखट सगळ्यात शेवटी, सावकाश. जगभरचे खवय्ये तिथे येऊन गेले. खाताना बसायला नाही मिळालं तरी कुणाची तक्रार नसते.

तिथून आत वळलं की ग्वादालूपेचं खोरं. करड्या टेकड्या, मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे, मध्ये द्राक्षांच्या ओळी. सकाळी पॅसिफिकवरून धुकं आत येतं, दुपारी ऊन रणरणतं, रात्री पुन्हा थंडी. मेक्सिकोतली बहुतेक वाइन याच बाहा कॅलिफोर्निया राज्यात होते, त्यातली पुष्कळशी या एका खोऱ्यात. स्पेनच्या राजानं कधीकाळी आपल्या अमेरिकन वसाहतींत द्राक्षं लावायला बंदी केली होती, स्पेनच्या वाइनचा धंदा बुडू नये म्हणून. मिशनऱ्यांनी प्रार्थनेपुरत्या वेली तरी जगवल्या.

पण खोऱ्याला वळण लावलं ते रशियातून आलेल्या मोलोकान लोकांनी. हा ख्रिस्ती पंथ युद्ध मानत नाही. झारच्या सैन्यभरतीतून सुटण्यासाठी निघालेली शंभरेक कुटुंबं 1905च्या सुमाराला लॉस एंजेलिसवरून इथे उतरली. त्यांनी जमीन घेतली, मातीच्या विटांची, उतरत्या छपरांची घरं बांधली, गहू पेरला आणि पुढे द्राक्षंही लावली. ही माणसं दारूला शिवत नसत. विसाव्या शतकाच्या मध्याला जमिनीच्या तंट्यांत बहुतेकांना गाव सोडावं लागलं. तरी बिबायोफ हे रशियन आडनाव लावणारं एक घराणं अजून इथे आहे आणि ते वाइन करतं. गावात छोटं संग्रहालय आहे. फोटोंमध्ये दाढीवाले पुरुष आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया त्या करड्या टेकड्यांपुढे उभ्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर मला थकवा दिसला आणि एक निश्चिंतीही. इथून पुढे हाकलणार नाहीत, असं वाटणाऱ्यांची.

जेवायला आम्ही ओकच्या झाडाखाली बसलो. विस्तवावर भाजलेली लाव्हरी, मडक्यातल्या घेवड्याच्या बिया, तोर्तिया, ओहोस नेग्रोस गावचं चीज, इथलेच ऑलिव्ह. आईला भाजलेले वांगे-भोपळे आणि हिरव्या टोमॅटोची चटणी. वाइन नेब्बियोलो द्राक्षाची, काळसर, जिभेला किंचित खारट. इथलं भूजल खारं आणि अपुरं आहे. वेल खोल मुळं घालतो आणि मिळेल त्यातून भागवतो. द्राक्षांच्या नावावर हॉटेलं आणि नाचगाण्यांचे सोहळे वाढत चालले आहेत, पाणी मात्र तेवढंच आहे. खोऱ्यातली जुनी माणसं हे काळजीनं बोलतात आणि ती काळजी मला त्या खारट चवीपासून वेगळी काढता येत नाही. इथे ऊगो दाकोस्ता या वाइनकारानं 2004मध्ये ‘एस्कुएलिता’, म्हणजे छोटी शाळा, काढली. भिंती जुन्या बाटल्यांच्या आणि टाकाऊ सामानाच्या. दोन-चार ओळी द्राक्षं असलेला शेतकरीही तिथे येऊन आपली वाइन करायला शिकला. मला हे त्या खोऱ्यातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

जेवण संपलं तरी कुणी उठत नाही. बिल आणायला सांगितल्याशिवाय आणत नाहीत, तसं आणणं इथे उद्धटपणा समजतात. तिघे वादक आले, त्यांत एक अकॉर्डियन. जर्मन वसाहतकऱ्यांनी उत्तरेत आणलेलं हे वाद्य आता नोर्तेन्यो गाण्याचा प्राण आहे. आईनं टेबलावर बोटांनी ठेका धरला होता.

खोऱ्यात या सगळ्यांच्या आधीपासून कुमियाई लोक आहेत. ओकची फळं कुटून, कडूपणा धुऊन त्यांची पेज करणारे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या 1848च्या तहानं सरहद्द आखली तेव्हा ती त्यांच्या मधूनच गेली. काही पलीकडे राहिले, काही इकडे. ते कुठेही निघाले नव्हते, कुणाच्या वाटेत नव्हते. पाहुण्यांनी भरलेल्या त्या झाडाखाली बसून मला वाटलं, या पंगतीत त्यांचं पान कुठे वाढलंय? आंगण त्यांचं आहे. उत्तर मला सापडलं नाही आणि वाइनचा पुढचा घोट त्यामुळे गोड लागला नाही.

परतीच्या गाड्यांच्या रांगेत फेरीवाले फिरतात. चुरोस, गोधड्या, मातीचे डुक्कर, देवीच्या तसबिरी. माणशी एक लिटर वाइन विनाकर नेता येते. पेरू आणि आंबे मात्र नेता येत नाहीत. आईनं घेतलेले पेरू आम्ही रांगेतच खाऊन संपवले, एक गोधडीवाल्याला दिला. पश्चिमेला प्लायासच्या किनाऱ्यावर कुंपण थेट समुद्रात उतरलेलं आहे. मेक्सिकोच्या बाजूनं त्याच्या लोखंडी पट्ट्या चित्रांनी रंगवलेल्या आहेत. आठवडी सुट्टीला तिथे कुटुंबं येतात, भाजलेली कणसं खातात, आणि पोरं लाटांमध्ये खेळताना पट्ट्यांना हात लावून परत पळतात.

पूर्वेला मेक्सिकालीत आजही जागोजागी चिनी उपाहारगृहं आहेत. 1882च्या कायद्यानं अमेरिकेनं चिनी मजुरांना दार लावलं. पुढच्या काळात मेक्सिकालीच्या वाळवंटात कालवे खणून कापूस पिकवायला जे चिनी आले ते तिथलेच झाले. सोया सॉसमध्ये परतलेल्या पिवळसर मिरच्या, वर लिंबू, हे तिथलं पानातलं पहिलं वाढप. तिकडे जायचं आमच्या मनात आहे.

आणि अगदी अलीकडचे हैतीचे लोक. भूकंपानंतर ब्राझीलला मजुरीला गेलेले, तिथलं काम आटलं तसे उत्तरेकडे निघून 2016 साली हजारोंनी तिहुआनात पोचलेले. अमेरिकेचं धोरण त्याच वेळी कडक झालं. पुष्कळजण राहिले, कारखान्यांत लागले, काहींनी खाणावळी काढल्या. मध्यवस्तीतल्या तशाच एका खाणावळीत आई आणि मी बसलो. चार टेबलं, भिंतीवर निळा-लाल झेंडा. भात आणि घेवडा, तळलेली केळी, आणि वाटीत पिकलिझ: बारीक चिरलेला कोबी, गाजर, व्हिनेगर आणि अशी मिरची की वर्ध्याची आई पहिल्या घासाला गप्प झाली. मग तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

“विचार गं तिला, कोबीला आधी मीठ चोळते का,” आई म्हणाली. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये वाढणाऱ्या पोराला विचारलं, त्यानं आत डोकं घालून क्रिओलमध्ये विचारलं, आणि स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेरच आली. तिनं मुठी आवळून दाखवलं, असं चोळायचं, पिळायचं, मग व्हिनेगर. आईनं मान हलवली आणि हवेतच मोहरीची फोडणी करून दाखवली. बाई लक्ष देऊन बघत होती. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या टाकोवाल्याचा मुलगा रिकामी बरणी घेऊन दारात आला. त्याच्या गाडीवरची गिऱ्हाइकं आता आदोबादावर पिकलिझ मागतात म्हणे. बाईनं त्याला थांबायची खूण केली आणि आईकडे वळून, फोडणीत आणखी काय घालायचं, ते विचारलं.